गूळ झाला जी

आमच्या गावच्या शाळेत नुकतीच तक्रारपेटी बसवली. पोरं पोरांना छळतात, त्याला आळा बसावा म्हणून. पेटी लाकडी आहे, कडेनं पत्रा मारलेला, वर पांढऱ्या रंगात लिहिलंय, ‘मनातलं इथे टाका’. कुलूप आहे, किल्ली मुख्याध्यापकांकडे. पेटीसुद्धा मुख्याध्यापकांच्याच खोलीत, त्यांच्या खुर्चीमागच्या भिंतीवर, कारण व्हरांड्यात लावली तर पोरं तिच्यात बोरांच्या बिया टाकतात. म्हणजे ज्या पोराला मार बसला त्यानं ‘आत येऊ का सर’ म्हणून विचारायचं, सरांच्या डोक्यावरून हात लांब करून चिठ्ठी टाकायची, आणि आपलं नाव गुप्त राहिलं म्हणून निर्धास्त वर्गात जाऊन बसायचं.

उद्‍घाटन माझ्या हातून झालं. गावात हयात असलेला या शाळेचा सगळ्यात जुना मॉनिटर मी, शिवाय जन्मभर मास्तरकी केलेला, शिवाय याच विषयावर तालुक्यात जी समिती होती तिचा एके काळचा अध्यक्ष. त्या समितीच्या बैठका आम्ही नियमित घेत असू. चहा चांगला असे. असो. मला शाल मिळाली, नारळ फुटला, गूळ-खोबऱ्याचा प्रसाद वाटला, आणि मुख्याध्यापक माईकसमोर उभे राहिले.

“आपल्या शाळेची परंपराच गोड आहे,” ते म्हणाले. “जुन्या काळी इथं पोरांचं भांडण झालं, की दोघांना गूळ खायला घालून मिटवत. सगळे खात. एकच नग असा निघाला, की त्यानं खुद्द इन्स्पेक्टर साहेबांच्या बुटावर गूळ थुंकला! त्या घराला गावात अजून काय म्हणतात, ते मी सांगायला पाहिजे का?”

“गुळथुंके!” मागून दोन-चार आवाज आले. सभा हसली. मुख्याध्यापकांनी कौतुकानं माझ्याकडे पाहिलं, कारण गोष्ट माझीच होती. मीही हसलो. सवयीचा भाग.

हसता हसता लक्षात आलं, की तो बूट मी घातलेला आहे. इन्स्पेक्टर साहेबांच्या पायात त्या दिवशी चपला होत्या. बूट मी पुढे कधीतरी शिक्षकांच्या एका मेळाव्यात घातला, हशा थोडा कमी पडत होता म्हणून. तो इतका बरोबर बसला की पुन्हा काढावा असं मला कधी वाटलं नाही.

आता काढतो. बूट काढल्यावर खाली काय निघतं ते वाचणाऱ्यानं पाहावं.

तेव्हा आमचा जिल्हा नुसता चांदा होता. गडचिरोली त्यातलीच एक तहसील. गाव झाडीतलं, मोठ्या तलावाच्या पाळीखाली, म्हणजे बांधाखाली, वसलेलं. शाळा जनपद सभेची, म्हणजे तेव्हाच्या स्थानिक बोर्डाची, चौथीपर्यंत. कुडाच्या भिंती, वर कवेलू, खाली बसायला तरट. सरकारनं मालगुजारी, म्हणजे गावाची जमीनदारी, नुकतीच काढून घेतली होती. मात्र मालगुजाराच्या घरचा आवाज काढून घ्यायचा राहून गेला होता. तलावाखालची उसाची वाडी अजून त्यांचीच. हिवाळ्यात त्यांचा चरक लागला की गावभर रसाचा वास सुटे आणि त्यांच्या घरात गुळाच्या भेलीवर भेली रचल्या जात. आमच्यासारख्यांच्या घरी गूळ डब्यात असे. बाकीच्यांच्या घरी तो सणाला असे.

माझे वडील पटवारी. त्यांचा अर्धा जन्म मालगुजाराच्या ओसरीवर सुपारी कातरण्यात गेला. मला त्यांनी एकच धडा दिला, “तू पाहात जा. पण पाहिलं म्हणून सांगत जाऊ नको.” मॉनिटर होण्यासाठी यापेक्षा जास्त लायकी कशाला लागते?

शाळेवर मोठे गुरुजी होते. ते दुष्ट नव्हते. त्यांना फक्त तक्रारीचा त्रास होई. “तक्रार म्हणजे खरूज आहे,” ते म्हणत. “एकानं खाजवलं की सगळे खाजवतात.” सुरुवातीला त्यांचा नियम साधा होता. तक्रार करणाऱ्याला छडी आणि ज्याच्यावर तक्रार झाली त्यालाही छडी. न्याय समसमान. पण त्यात गुरुजींचा हात दुखू लागला, तेव्हा त्यांनी गावाकडून एक रीत उचलली.

आमच्या गावात बांधावरून, पाण्यावरून, लेकीला सासरी पाठवण्यावरून भांडण झालं की पंच बसत. दोन्ही बाजू ऐकून घेत, आणि शेवटी दोघांच्या हातावर एकाच भेलीतला गूळ ठेवत. तो तोंडात गेला की भांडण संपलं. लोक म्हणत, ‘गूळ झाला’. त्यानंतर ज्यानं तो विषय काढला तोच दोषी. रीत चांगली होती. तिच्यात एक सोयही होती. ज्याला वाटे की माझं ऐकलं गेलं नाही, तो गूळ घेतच नसे. दोन्ही हात पाठीमागे बांधून बसून राही. तो हात पुढे करीत नाही तोवर पंचांना उठता येत नसे. मी स्वतः पाहिलंय, एक म्हातारी दुपारपासून दिवे लागेपर्यंत हात मागे घेऊन बसली होती, आणि पंचांच्या पायांना मुंग्या आल्या तेव्हा कुठे तिच्या बांधाचं खरं-खोटं निघालं.

मोठ्या गुरुजींनी गूळ शाळेत आणला. हात मागे घेण्याची सोय त्यांनी गावातच ठेवली. शाळेत तेवढा वेळ कुठे असतो?

नियम असा ठरला: भांडण झालं की दोघांनी गूळ खायचा, मॉनिटरनं पाहायचं. मॉनिटर म्हणाला ‘गूळ झाला जी’, की ते भांडण झालंच नव्हतं. थोड्याच दिवसांत आमच्या शाळेत तक्रार नावाला उरली नाही. आजूबाजूच्या गावांचे मास्तर ही पद्धत पाहायला येत.

आता ज्याच्यासाठी हे लिहायला बसलो तो मुलगा. तो ढिवरांचा. बाप तलावात आणि नदीला मासे धरी, चिखलणीला मजुरीनं जाई. घरात शाळेची पायरी चढलेला हा पहिलाच. पोरगं किरकोळ अंगाचं, शांत, पाढे खडखडीत. बापानं त्याच्याबद्दल सगळं ठरवून टाकलं होतं. जंगलचा नाकेदार दरवर्षी बापानं डोंग्यासाठी, होडीसाठी, आणलेलं लाकूड पकडी आणि दरवर्षी मासे घेऊन सोडून देई. बापानं विचार केला, घरातच एक नाकेदार असला तर मासे घरातच राहतील. त्यासाठी आधी चौथी निघायला हवी होती. चौथीची परीक्षा तहसिलीच्या गावी होई, आणि तिला मोठे गुरुजी पाठवतील तोच बसे.

बाप अधूनमधून पळसाच्या पानात मरळ गुंडाळून शाळेत येई.

“गुरुजी, पोट्ट्याकडं ध्यान असू द्या जी. त्याची चौथी निंगाली पायजे.”

“बघतो,” गुरुजी म्हणत आणि मरळ आत पाठवून देत. गुरुजींना मरळ चालत होती. मरळ धरणाऱ्याचा पोरगा मात्र पुढच्या तरटावर चालत नव्हता. तो दाराशी बसे.

त्याचा छळ करणारा मालगुजाराचा नातू. याला चौथी इतकी आवडली होती की तो तिला सोडायला तयार नव्हता. ओठावर लव आली होती आणि आमच्यात बसला की बगळ्यांत सारस दिसे. मधल्या सुट्टीत तो ढिवराच्या पोराला शाळेमागच्या चिंचेखाली बोलावी.

“ए झिंग्या, इकडं ये. हात हुंग बे आपला.”

पोरगा हात हुंगी.

“कायचा वास येते?”

याचं उत्तर ठरलेलं होतं. “माह्या बापाचा,” असं म्हणायचं. म्हटलं तर सगळे हसत. नाही म्हटलं तर त्याची टोपी तलावात जाई, पाटी फुटे, नाहीतर पाठीवर बसे. तो कधी म्हणे, कधी म्हणत नसे. न म्हणण्याचे दिवस वाढत गेले, तसा मारही वाढत गेला.

नातू अभ्यासात मागे असला तरी कायद्यात हुशार निघाला. गूळ खाल्ला की भांडण संपतं ना? मग गूळ आपल्याच घरचा आहे. तो खिशात खडे ठेवू लागला. आधी मारायचं, मग पोराच्या तोंडात खडा घालायचा, आणि मला हाक मारायची.

“मॉनिटर! पाह्यलं ना बे?”

“पाह्यलं.”

“काय झालं?”

“गूळ झाला.”

मग एक खडा मला मिळे. सुपारीएवढा. खोटं कशाला सांगू, मी तो चघळून चघळून पुरवत असे. मी खोटं काही बोलत नव्हतो, हेही मला तेव्हा फार मोठं वाटे. मारलं नाही असं मी कधीच म्हणालो नाही. गूळ झाला, एवढंच म्हणालो. पुढे समितीचा अध्यक्ष झालो तो असाच नाही.

एके दिवशी पोरानं तोंड उघडायचं बंद केलं. दात आवळून उभा राहिला. मालगुजाराच्या नातवानं गाल दाबले, हनुवटी ओढली, तोंड उघडेना. गूळ आत जाईना म्हणजे मार उघड्यावर पडलेला. पहिल्यांदाच नातवाच्या तोंडावर भीती दिसली. तो माझ्याकडे वळला. “आता काय करू बे?”

तेव्हा मी सांगितलं, “नाक दाब.”

आमची आई मला एरंडेल असंच पाजत असे. नाक दाबलं की श्वासासाठी तोंड आपोआप उघडतं. वर्गात मी हुशार म्हणून ओळखला जात होतो, आणि माझ्या हुशारीचा शाळेला झालेला हा पहिला उपयोग. नातवाचे दोन्ही हात गुंतलेले होते, म्हणून नाक मीच दाबलं. पुढे ते कामच माझ्याकडे आलं. माझ्या गोष्टीत बूट आहे, नाक कुठेच नाही. कितीतरी वर्षं मी ती सांगितली. नाक एकदाही आलं नाही.

पोरानं तक्रार केली. आज लोक म्हणतात, ‘मुलं बोलत नाहीत हो.’ तो बोलला. सरळ गुरुजींच्या टेबलापुढे जाऊन बोलला.

“गुरुजी, मले मारून राह्यले जी.”

“कोण?”

“मोठ्या घरचा.”

“गूळ झाला का?”

“कोंबला जी.”

“कोंबला का दिला ते मी विचारलं नाही. तोंडात गेला?”

“गेला जी, पण...”

“मॉनिटर!”

“हो जी.”

“गूळ झाला?”

“झाला जी.”

“मग झालेला विषय काढणारा कोण?” गुरुजी पोराला म्हणाले, आणि त्याच्या हातावर छडी मारली. “बाप बिचारा किती भला माणूस, आणि तू हा असा तक्रारखोर.”

छडी खाऊन जागेवर जाताना तो माझ्याजवळून गेला. मी पाटी पुसत होतो. आधीच पुसलेली होती.

थंडी सरता सरता इन्स्पेक्टर साहेब येणार असं कळलं. शाळा सारवली, दाराला आंब्याची डहाळी बांधली. साहेब बैलांच्या दमणीतून उतरले. धुळीनं माखलेले, चपलांचे अंगठे तुटायला आलेले. पाढे ऐकले, नकाशा पाहिला, आणि मग त्यांनी विचारलं, “गुरुजी, मोठी मुलं लहान मुलांना त्रास देतात का? वरून विचारणा झाली आहे. काही शाळांतून पोरं पळून जातायत म्हणे.”

गुरुजींचा चेहरा उजळला. जन्मभर ज्या प्रश्नाची वाट पाहावी तो प्रश्न आला होता.

“आमच्या इथं तक्रारच नाही साहेब. का नाही, ते प्रत्यक्ष दाखवतो.”

हे दाखवणं आदल्या दिवशीच ठरलं होतं. शाळेत भांडणारी जोडी म्हणजे एकच, सगळ्यांना ठाऊक असलेली. गुरुजींनी दोघांना बजावलं होतं, उद्या साहेबांसमोर एकमेकांना गूळ भरवायचा. आणि त्या दिवशी सकाळी, साहेब यायच्या आधी, मालगुजाराचा नातू मला म्हणाला, “यानं साहेबासमोर तोंड नाई उघडलं तं? चाल, तालीम करून घेऊ.”

चिंचेखाली तालीम झाली. त्यानं एका हातानं पोराचे दोन्ही हात आवळले, मी नाक दाबलं. पोरगा अशा ताकदीनं दात आवळून होता की तोंड निळसर पडलं तरी उघडेना. खडा जुन्या भेलीचा होता, दगडासारखा. मालगुजाराच्या नातवानं तो मुठीत धरून रेटला. ओठ आतून फाटला, पुढचा एक दात हलला. मग आम्हीच त्याला विहिरीवर नेऊन तोंड धुतलं. सदऱ्यावर डाग पडला नाही ना, हे मी नीट तपासलं. मॉनिटर होतो.

साहेबांसमोर नातवानं गूळ पुढे केला. आणि त्या पोरानं कुणी नाक न दाबता, स्वतःहून तोंड उघडलं. गूळ घेतला. क्षणभर तोंडात धरला. गुरुजींनी सुस्कारा सोडला.

मग तो थुंकला. सारवलेल्या जमिनीवर, साहेबांच्या पायापासून हातभर लांब. गूळ लाल होता.

साहेबांनी पाय मागे घेतला. “हे काय? रक्त?”

“दात पडायचं वय आहे साहेब,” गुरुजी म्हणाले.

साहेब मूर्ख नव्हते. ते खाली वाकले. “बाळ, कोणी मारलं तुला?”

पोरानं मान वळवून माझ्याकडे पाहिलं. मी पुष्कळ वर्षं स्वतःची समजूत घालत आलो की तो रागानं पाहात होता. तसं नव्हतं. त्याला शाळेनं जे शिकवलं होतं तेच तो करत होता. या शाळेत जे मॉनिटर सांगतो तेच घडलेलं असतं. तो वाट पाहात होता.

साहेबही माझ्याकडे वळले. “तू मॉनिटर ना? तू सांग. काय झालं?”

एका शब्दाचं काम होतं. मारलं. नाहीतर नुसतं चिंचेकडे बोट केलं असतं तरी चाललं असतं. मालगुजाराचा नातू खिशात हात घालून उभा होता, आणि त्या खिशात काय आहे हे मला माहीत होतं.

“गूळ झाला जी,” मी म्हणालो.

साहेबांना ते समजलं नाही. गुरुजींनी समजावून सांगितलं, पंचांची रीत, शाळेतली सुधारणा, सगळं. साहेब ऐकत गेले तसे त्यांच्या कपाळावरच्या आठ्या कमी होत गेल्या. त्यांना ऊन चढायच्या आत पुढच्या गावी पोचायचं होतं. शेवटी ते हसले, “फारच छान पद्धत आहे,” म्हणाले, आणि दमणीत बसले.

दमणी पाळीआड गेल्यावर गुरुजींनी पोराला दाराबाहेर उभं केलं. गूळ थुंकला म्हणजे पंचांवर थुंकला, गावावर थुंकला, शाळेवर थुंकला. माफी मागून गूळ खाईल तरच आत, नाहीतर परीक्षेला पाठवणार नाही.

दुसऱ्या दिवशी बाप त्याला घेऊन आला. त्या दिवशी पळसाच्या पानात दोन मरळी होत्या.

“खा बाबू,” बाप म्हणत होता. “गूळच तं आहे. जहर थोडी आहे? खाऊन टाक अना बस अंदर.”

गुरुजींनी गूळ पुढे धरलेला. पोरानं दोन्ही हात पाठीमागे बांधले.

गुरुजी म्हणाले, “बघा, बघा कसा मगरूर आहे.” बापही तेच समजला आणि त्यानं त्याच्या थोबाडीत मारली. खरं तर बापाला ओळखू यायला हवं होतं, गुरुजींनाही. गावातल्या पंचांपुढे मोठी माणसं तेच करत. माझं ऐकलं गेलं नाही, तुम्हांला उठता येणार नाही. मला ओळखू आलं होतं. पंचांच्या बैठकीला वडिलांच्या मांडीशी मी किती वेळा बसलो होतो.

पण शाळेतले पंच उठले. घंटा झाली होती.

काही दिवस तो येऊन दाराबाहेर उभा राहिला, हात मागे घेऊन. मग यायचा बंद झाला. परीक्षेला आम्ही बैलगाडीनं तहसिलीला निघालो, तेव्हा पाळीवरून खाली तो डोंग्यात दिसला. बाप वल्हवत होता, हा जाळं ओढत होता. “गुळथुंक्या!” मालगुजाराचा नातू गाडीतून ओरडला. गाडीतली सगळी पोरं ओरडली. गाडीत मीही होतो. त्या वर्षी नातूसुद्धा पास झाला. नाकेदार दरवर्षी लाकूड पकडत राहिला आणि मासे खात राहिला.

मी पुढे शिकलो, मास्तर झालो. शिस्तीवर भाषण असलं की ही गोष्ट सांगू लागलो. गोड बोलून गूळ दिला तरी काही मुलं कशी थुंकतात, याचं उदाहरण म्हणून. ती गावोगाव पोचली आणि शेवटी आमच्याच गावी परत आली, बूट घालून. त्या ढिवराची पोरं गुळथुंके झाली, नातवंडं गुळथुंके झाली. शाळेत त्यांना त्या नावानं चिडवतात. पेटीत त्या चिडवण्याबद्दल चिठ्ठी कोणी टाकली तर मुख्याध्यापक ती उघडून वाचतील आणि हसतील, कारण गोष्ट त्यांना माझ्याकडूनच ठाऊक आहे.

उद्‍घाटन आटोपल्यावर मी घरी गेलो नाही. पाळीकडे गेलो. तो तिथंच बसला होता, जाळ्याची गाठ सोडवत. आम्ही दोघेही आता वाळलेले. गावात राहूनही इतक्या वर्षांत आमचं बोलणं ‘पाणी येते का गा’ याच्या पुढे गेलं नव्हतं.

“या मास्तर,” तो मान वर न करता म्हणाला. “शाल भेटली वाटते.”

“भेटली.”

“भोंगा इथवर आयकू येते. पाण्यावरून आवाज चांगला येते.” त्यानं गाठ दातानं ओढली. पुढचा दात नव्हता. “मास्तर, एक पुसतो. थो बूट कवा आला त्याच्यात? साहेबाच्या पायात तं चप्पल होती.”

“मी घातला.”

“अना नाक?”

“नाक मी काढून टाकलं.”

“हं. मले वाटलंच.” तो हसला. मला वाटलं होतं तो ओरडेल. हसणं जास्त जड गेलं.

“भाऊ,” मी म्हणालो. आयुष्यात पहिल्यांदाच त्याला भाऊ म्हणालो. “मी सगळं लिहून काढणार आहे. खरं ते.”

“लिवा ना. तवा एक शब्द लागत होता, तं तोंडात गूळ होता तुमच्या. आता पुस्तक लिवून राह्यले.”

मग मी इतकी वर्षं मनात राहिलेलं विचारलं. त्या दिवशी साहेबांसमोर नाक दाबलेलं नसताना त्यानं तोंड का उघडलं?

त्यानं जाळ्याची दुसरी गाठ हातात घेतली.

“मले गूळ आवडे, मास्तर. आमच्या घरी कुठी होता गूळ? सणाले भेटे, थो बी बोटावरचा. तुमी कोंबत होते ना, तवा बी गोडच लागे. मार खाल्लेल्या तोंडाले गोड लागे, त्याचाच मले जास्त राग येये. त्या दिशी म्हटलं, आपल्या हातानं घ्याचा अना आपल्या तोंडानं थुकाचा. थुकाले लय जिवावर आलं होतं.”

माझ्या खिशात प्रसादाची पुडी होती. कशी कोण जाणे, मी ती काढली, उलगडली आणि त्याच्यासमोर ठेवली. खोबऱ्याचे तुकडे आणि गूळ. आता वाटतं, काय हा माणूस! जन्मभर तेच केलं आणि म्हातारपणी पुन्हा तेच.

त्यानं पुडीकडे पाहिलं. जाळं बाजूला ठेवलं. आणि दोन्ही हात पाठीमागे बांधले.

मी उठणार होतो, पण उठता आलं नाही. रीत मला माहीत होती. सावली पाळीवरून पाण्यापर्यंत गेली तरी मी बसून होतो. मुंग्यांना पुडी सापडली.

“आयकलं मी तुमचं,” शेवटी तो म्हणाला. “पण माह्यापाशी सांगून काय होते? मले तं मालूम आहे. तिथी सांगा, भोंग्यावर. नाकापासून सांगा. सगळे बसले असतीन तवा. मंग पाहू.”

मी मुख्याध्यापकांकडे गेलो. येत्या झेंडावंदनाला मला थोडा वेळ माईक हवा म्हणालो, आणि कशासाठी तेही सांगितलं. ते ऐकत होते, पण त्यांचा चेहरा मोठ्या गुरुजींसारखा होत गेला.

“सर, इतकं जुनं कशाला उकरायचं?” ते म्हणाले. “आणि आता आपल्याकडे रीतसर व्यवस्था आहे ना. पेटीत टाका.”

पेटीची फट बारीक आहे, हे सगळं तिच्यातून आत जात नाही. म्हणून इथं छापायला दिलं. हे वाचून कोणी ‘सरांनी मन मोकळं केलं’ असं म्हणू नये. झेंडावंदनाला मी जाणार आहे. माईक दिला तर माईकवर, नाही दिला तर फाटकाशी उभा राहून सांगेन, नाकापासून. पुडीतला मुंग्यांनी ठेवलेला गूळ मी घरी आणून डब्यात ठेवला आहे. तो ऐकायला येईल की नाही, माहीत नाही. आला तरी हात पुढे करील की नाही, तेही माहीत नाही.

तोवर गूळ झालेला नाही.